दोन आडनावांच्या घरची सून



या वसंत व्याख्यानमालेचे बोलावणे आले तेव्हा चालकांची अपेक्षा अशी होती, की आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू. आम्ही त्यांना कळविले, की यंदा आम्ही आडनावावर बोलणार. चालक जरा बुचकळ्यात पडले. युनियनच्या माणसाचा आणि आडनावाचा संबंध काय, असे त्यांना वाटले असावे. तो संबंध कोणता, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा करू नये; आम्ही जे पाहिले आणि पडताळून घेतले तेवढेच सांगू.

गेल्या लग्नसराईत आमच्या कचेरीत एक मुलगा व एक मुलगी आली. लग्न ठरलेले होते. मुलगा कामगाराचा, मुलगी परिचारिका. मुलाच्या घरी दोन आडनावे. खरी सांगणे उचित नाही. सोयीसाठी आपण 'वानखडे-देशमुख' म्हणू. मुलीचे, समजा, 'बोरकर'. भावी सासऱ्यांचे म्हणणे, सुनेने 'देशमुख' लावावे, त्यात मान आहे. सासूबाईंचे म्हणणे, 'वानखडे'च लावावे, कुळाचे नाव ते. मुलगा बिचारा मधल्या मध्ये, तो म्हणाला, "दोन्ही लाव, म्हणजे भांडण मिटते." मुलगी इतका वेळ गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "काका, कायदा काय म्हणते जी? आणि माझं एक आहे, त्याचं काय करू?"

हा दुसरा प्रश्न त्या घरात कोणीच विचारला नव्हता. खरे सांगायचे तर, तो आम्हांलाही आधी सुचला नव्हता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कायदा काहीच म्हणत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा घ्या की १९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या. बायकोने नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे, असे एक वाक्य त्यांत नाही. विवाहाची नोंद झाली म्हणून नाव आपोआप बदलत नाही. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, हे २०१७ साली पंतप्रधानांनी जाहीर भाषणात सांगितले. म्हणजे ही गोष्ट सर्वस्वी चालीरीतीची आहे. आणि चालीरीत म्हटली की ती आली कोठून, हे पाहणे प्राप्त होते.

आपली आडनावे म्हणजे काही देवाघरून उतरलेली अक्षरे नव्हेत. कोणाचे गावावरून पडले. आपल्या शेजारचे रामटेक घ्या, त्यावरून 'रामटेके' झाले. कोणाचे धंद्यावरून पडले, सुतार किंवा सोनार. कोणाचे हुद्द्यावरून पडले, कुलकर्णी, देशमुख, पाटील. महसुली पाटलांचे पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. पद गेले, आडनाव मात्र मागे राहिले. एकाच घराला एक कुळाचे व एक हुद्द्याचे अशी दोन आडनावे का असतात, याचे उत्तर येथे मिळते. एक आतले नाव असते आणि एक चावडीवरचे.

याचे फार मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरविण्याचा धंदा सुरू झाला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. सावित्रीबाई नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या कन्या. म्हणजे माहेरी नेवसे आणि पाटील, सासरी गोऱ्हे आणि फुले. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्या अजाण होत्या. त्यांना कोणी विचारले नसणार. या चार नावांतून जगापुढे राहिले ते एक, आणि तेही श्रमावरून पडलेले. आम्हां कामगारांना याचा अभिमान वाटतो. तथापि अभिमान बाजूला ठेवून दुसरी गोष्टही पाहावी. फुले घराण्याने आपले आडनाव धंद्याप्रमाणे बदलले, तेव्हा कुळ बुडाले नाही. आडनाव बदलले तर घर मोडते, आणि न बदलले तरी घर मोडते, या दोन्ही भीती खोट्या आहेत.

आमच्या विदर्भातलेच दुसरे उदाहरण देतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली छापले गेले. त्या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या. विवाहिता असूनही माहेरच्या आडनावानेच त्या ओळखल्या जातात. म्हणजे लग्नानंतर माहेरचे नाव राखणे ही मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या मुलींनी परवा काढलेली टूम आहे, असे जे म्हणतात त्यांनी बुलढाण्याकडे पाहावे.

आणि तिसरे उदाहरण तर आपल्या पायाखालचे आहे. पलीकडच्या कामठीचे, विडी कामगारांना संघटित करणारे आणि १९३७ साली प्रांतिक विधिमंडळात निवडून गेलेले बाबू हरदास. १९३९ साली अगदी तरुण वयात ते गेले. त्यांची समाधी आपल्या या कन्हान नदीच्या काठी आहे. पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे; परंतु लोक त्यांना ओळखतात ते 'बाबू हरदास एल. एन.' म्हणून. वडिलांचे नाव आणि आडनाव दोन अक्षरांत मावले. पुरुषाने आपले आडनाव असे आखडून घेतले तर त्याला कोणी घरबुडवा म्हणाले नाही. मग बाईने आपले आडनाव राखले तर तेवढ्यावरून चर्चा का व्हावी?

आता युनियनचा संबंध सांगतो. आमच्या परिसरात खाणी आहेत, कारखाने आहेत, विडीचे काम आहे. या सर्व ठिकाणी माणसाचे नाव म्हणजे त्याच्या कमाईला बांधलेली दोरी असते. हजेरीपटावर नाव, फंडात नाव, बँकेत नाव, आधारवर नाव, सातबाऱ्यावर नाव. ही सगळी नावे जुळली तर दोरी ओढताच घागर वर येते. एखाद्या ठिकाणी गाठ सुटली, की घागर विहिरीत.

एका कामगाराची गोष्ट सांगतो. त्याच्या शेताच्या कागदावर आजोबांपासून कुळाचे आडनाव. शाळेत घालताना मास्तरांनी 'पाटील' लावले. कामावर लागताना मुकादमाने पुन्हा कुळाचे लिहिले. लग्न झाल्यावर बायकोने 'पाटील' लावले, कारण गावात सगळे पाटलीणबाईच म्हणत. फंडाच्या कागदात मात्र नवऱ्याने तिचे माहेरचे नाव लिहून दिले होते. कारण त्या दिवशी कचेरीत कारकुनाने विचारले, "बायकोचं नाव काय?" आणि त्या भल्या माणसाला लग्नपत्रिकेवरचे नाव आठवले. नवरा एका रात्री अचानक गेला. मग ही बाई एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरू लागली. एक म्हणे, मयताची बायको अमुक आडनावाची आहे, तुम्ही तमुक. दुसरा म्हणे, मयत इसम तोच कशावरून? आम्ही प्रतिज्ञापत्रे केली, 'सदर सर्व नावांची व्यक्ती एकच आहे' असे स्टॅम्पवर लिहून दिले, शेजाऱ्यांच्या साक्षी घेतल्या. पैसे मिळाले, पण सव्वा वर्षाने. तोवर मोठ्या मुलाने शाळा सोडून वाळूच्या ट्रकवर काम धरले होते. तो पुन्हा शाळेत गेला नाही. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्या बाईला चार नावे आहेत आणि हाती काहीच नाही, तिच्यासाठी म्हण अजून कोणी केलेली नाही.

दुसऱ्याच्या घरचे सांगितले. आता आमच्या घरचे सांगितले पाहिजे. आमच्या मंडळींची परवानगी घेऊनच सांगतो. आमचे लग्न झाले तेव्हा आम्ही तरुण होतो आणि स्वतःला पुरोगामी समजत होतो. तरी लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले गेले आणि आमच्या हाताने, अंगठीच्या टोकाने, त्यांत नवे नाव लिहिले गेले. आपल्याकडे बाईचे केवळ आडनाव बदलत नाही. मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आणि अनेक घरांत पहिले नावही बदलते. त्या दिवशी आमच्या मंडळींची तिन्ही नावे गेली. आम्ही ते लाडाने केले. पुढे त्यांनी एका जागेसाठी अर्ज केला. शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि अर्जावर दुसरी. "ही दाखल्यावरची कोण?" असे त्यांना विचारले गेले. कागद गोळा करेपर्यंत मुदत संपली आणि जागा दुसरीला मिळाली. इतरांच्या अर्जांत काना-मात्रा तपासणारे आम्ही, घरच्या कागदाकडे आम्ही पाहिले नव्हते. त्यांनी आम्हांला कधी दोष दिला नाही; परंतु एकदा चहा देताना म्हणाल्या, "तांदळावर लिहिलेलं पुसलं जाते, कागदावरचं नाही." हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही.

तेव्हा नवऱ्याला दोन आडनावे असली तर काय करावे? रस्ते चार आहेत. पहिला, दोन्ही घ्यावीत. दुसरा, दोहोंपैकी एक घ्यावे. तिसरा, आपले राखून त्यापुढे त्याच्यातले एक जोडावे. चौथा, आपले आहे तेच ठेवावे. चारही रस्त्यांना कायद्याची मनाई नाही. अडचण व्यवहाराची आहे, आणि ती एकेक करून पाहिली पाहिजे.

दोन्ही घेण्यात घर खूश होते, पण कागद लांबतो. 'वानखडे-देशमुख' मध्ये आडवी रेघ द्यावी, की जागा सोडावी, की सलग लिहावे? एका कचेरीत रेघ असते, दुसरीकडे नसते. 'वानखडे' की 'वानखेडे', हा आणखी एक घोळ. माणसाला हे सारखेच दिसते. यंत्राला तीन निरनिराळ्या बाया दिसतात. दोहोंपैकी एक घ्यावयाचे असेल, तर नवऱ्याच्या नोकरीच्या आणि आधारच्या कागदावर जे आहे तेच घ्यावे. गावात मान कशाला आहे ते पाहू नये. जोड-आडनाव करावयाचे असेल, तर पुढच्या पिढीचा हिशोब आधी करावा. दोन आडनावांच्या मुलाने दोन आडनावांच्या मुलीशी लग्न केले आणि दोघांनीही काही सोडले नाही, तर मुलाला चार, नातवाला आठ, पणतवाला सोळा. शाळेचा हजेरीपट म्हणजे लग्नपत्रिकाच व्हावयाची.

हा पेच एकट्या आपल्यालाच पडलेला नाही. स्पेनमध्ये प्रत्येक माणसाला दोन आडनावे असतात, एक बापाकडचे व एक आईकडचे. लग्नाने तेथे बायकोचे नाव बदलत नाही. मुलाला दोघांचे एकेक मिळते. म्हणून संख्या दोनच्या वर जात नाही. कोणाचे आधी लिहावे, हे आईबापांनी ठरवावे, अशी सोय त्यांनी १९९९ च्या कायद्याने केली. पोर्तुगालात नवरा किंवा बायको आपले ठेवून दुसऱ्याची दोनपर्यंत आडनावे जोडू शकते; तेथे हा हक्क नवऱ्यालाही आहे. जर्मनीत तीन आडनावांची साखळी करू द्यावी, अशी मागणी घटना-न्यायालयापुढे गेली होती. २००९ साली ती फेटाळली गेली. तेथे नवा कायदा २०२५ च्या मे महिन्यात लागू झाला आणि नवराबायकोंना मिळून जोड-आडनाव घेण्याची मोकळीक मिळाली. जपानात मात्र नवराबायकोचे आडनाव एकच असले पाहिजे, असा कायदाच आहे; तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो २०१५ साली आणि पुन्हा २०२१ साली उचलून धरला. कोणाचे घ्यावे हे जोडप्याने ठरवावे, असे तो कायदा म्हणतो. पण बहुतेक घरांत बदलते ते बायकोचेच. कायदा समतोल असला तरी चाल एका बाजूला झुकलेली असू शकते, हे यावरून ध्यानात यावे. आपल्याकडे कायदा मोकळा आहे. झुकलेली आहे ती चाल.

मुलांचे काय, असा प्रश्न लगेच येतो. २०२२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका विधवेच्या खटल्यात स्पष्ट सांगितले, की आई ही नैसर्गिक पालक असल्याने मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार तिला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नोंदीत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम राहील. विवाहित स्त्रीला मिळकतीच्या कागदावर लग्नापूर्वीचे नाव लावण्याची मुभाही त्याच निर्णयात आहे. दिवस पालटत आहेत. पण उलटी पावलेही पडतात. त्याच २०२४ साली केंद्राच्या एका खात्याची अशी अट वादात सापडली, की विवाहितेला पहिल्या आडनावावर परत यावयाचे असेल, तर तिने घटस्फोटाचा हुकूम किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र आणावे. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. सासरचे नाव घेताना बापाची ना-हरकत कोणी मागत नाही. परत घेताना मात्र नवऱ्याची मागतात. नाव बदलण्यापूर्वी मुलींनी ही गोष्ट मनाशी धरावी. जाण्याची वाट उताराची असते, परतीची चढाची.

आमच्यावर आक्षेप येईल, की घर एक तर नाव एक असावे. नाव वेगळे राहिले तर मने वेगळी राहतात. या म्हणण्यात माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. नव्या सुनेला आपल्या नावात सामावून घेणे ही सासूची आपुलकीची रीत असते. उखाण्यात नाव घेताना जो आनंद होतो तो खोटा नसतो. ज्या मुलीला मनापासून सासरचे नाव लावावेसे वाटते तिने जरूर लावावे. तिला मागासलेली म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की तिला विचारले जावे, आणि लग्नाच्या गडबडीत नव्हे, तर शांतपणे आधी. आणि आडनावे एक असून भांडणारी घरे आमच्या कचेरीत आम्ही रोज पाहतो. तेव्हा मायेचा पत्ता आडनावात सापडत नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. एक, जे नाव ठरेल ते एकदाच ठरवावे आणि काना-मात्रा-रेघेसह एका कागदावर लिहून घरात ठेवावे. मराठीत आणि इंग्रजीतही. आधारवरील नाव सामान्यतः आयुष्यात दोनदाच बदलता येते, हे लक्षात असू द्यावे. दोन, नाव बदलले तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी. जुन्या आणि नव्या नावांमधला पूल तोच आहे. तीन, लग्न होताच फंडातील नामनिर्देशन नवे करावे. अविवाहित असताना केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजले जाते, हे कित्येकांना ठाऊक नसते. त्यात बायकोचे नाव तिला विचारून, तिच्या आधारप्रमाणे लिहावे. चार, ज्या घरात पुरुषालाच दोन आडनावे आहेत, त्या पुरुषाने आधी स्वतःचे कागद एका नावावर आणावेत. दोन आडनावांचा घोळ सुनेने आणलेला नसतो. तो घरात आधीपासून असतो. सून फक्त त्यात येऊन अडकते.

शेवटी त्या मुलीचे काय झाले, हे आपण विचाराल. आम्ही तिला वरील चारही रस्ते सांगितले आणि पाचवी गोष्ट म्हणून आमच्या मंडळींची हकीगत सांगितली. ती ऐकून मुलाने आपल्या पिशवीतले स्वतःचे कागद टेबलावर मांडले. दहावीच्या प्रमाणपत्रावर वानखडे, आधारवर देशमुख, बँकेत दोन्ही. तो स्वतःच चकित झाला. मुलगी हसली आणि म्हणाली, "आधी तुम्ही कोण ते ठरवा जी." तिने परिचारिका परिषदेच्या नोंदणीवर आहे तेच आपले नाव राखले. सासूबाई लग्नात थोड्या रुसल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. पुढे त्यांना ताप भरला तेव्हा दवाखान्यात हीच सून रात्रभर उशाशी होती. तेथील बाईंनी विचारले, "ही कोण तुमची? नाव तर वेगळं दिसते." सासूबाई म्हणाल्या, "सून आहे. नाव तिचं आहे, आणि ती आमची आहे."

आमच्या बोलण्यात काही कमीजास्त झाले असल्यास क्षमा असावी. व्याख्यान संपल्यावर ज्यांना फंडाचे, आधारचे किंवा वारसाचे कागद दाखवावयाचे असतील, त्यांनी मागच्या बाकावर यावे. आम्ही चष्मा बरोबर आणला आहे.